ऑनलाइनला नावं ठेवण्याआधी तासांचा हिशेब मांडा

नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आज ऑनलाइन शिकवण्याचा विषय काढून बघा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नको रे बाबा ते आता." दुसरं, "पोरांची वाट लावली त्या ऑनलाइननं." तिसरं वाक्य येईपर्यंत चहा आलेला असतो आणि मग गाडी सातव्या वेतन आयोगाच्या फरकावर नाहीतर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींवर जाते. मी स्वतः कॉमर्सला अकाउंटन्सी शिकवतो, बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळे हे काही बाहेरून बघून लिहीत नाहीये. पण कोविड संपून एवढी वर्षं झाली तरी आपण प्राध्यापक मंडळी ऑनलाइनबद्दल जे बोलतो त्यातलं निम्मं खरं आहे, निम्मं सोयीचं आहे, आणि जे खरोखर बोलायला पाहिजे ते मात्र आपण चहा संपला तरी बोलत नाही.

आधी खरं काय ते. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि थोड्याच दिवसांत निरोप आला की लेक्चर ऑनलाइन घ्या, रोजचा रिपोर्ट पाठवा, स्क्रीनशॉट जोडा. कशावर घ्यायची, कशी घ्यायची, ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात आहे त्यांनी काय करायचं, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं, विचारायची सोयही नव्हती. झूमची फुकटातली मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडायची, परत लिंक टाकायची, आणि परत येताना निम्मी पोरं वाटेतच गळायची. सुरगाणा, पेठकडची मुलं गावी गेलेली, तिथं घरात रेंज नाही. निफाडकडची काही मुलं चाळीत कांदा भरता भरता कानात हेडफोन घालून तास ऐकायची, म्हणजे हजेरी लागायची, अकाउंटचं गणित कानानं कसं सोडवायचं ते देव जाणे. रोजचा दीड जीबी डेटा घरात तीन भावंडांत वाटलेला. त्यात अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, आणि मग एमसीक्यूवर परीक्षा उरकल्या. कॉलेजं नीट उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे परत बंद. जी मुलं मार्च २०२० मध्ये बारावीची परीक्षा देऊन आली त्यांचं अख्खं एफवाय आणि एसवायचा मोठा भाग घरातच गेला.

सायन्सवाल्यांचा राग तर मला पूर्ण पटतो. आमच्याकडचे केमिस्ट्रीचे एक सर सांगत होते, टायट्रेशन करताना ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जायचं, एका थेंबाला फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तिथेच बोटांनी नळी बंद केली पाहिजे, अजून एक थेंब गेला की गडद गुलाबी, रीडिंग वाया. व्हिडिओत हे शंभर वेळा दाखवा, बोटांना ते येत नाही. टीवायला आलेली मुलं ब्युरेट धरताना दोन्ही हातांनी धरायची म्हणे. यावर काय बोलणार? प्रॅक्टिकल ऑनलाइन होत नाही, विषय संपला, जो कुणी सिम्युलेशनच्या गप्पा मारतो त्यानं आधी लॅबमध्ये एक दिवस उभं राहावं.

पण त्या दोन वर्षांवरून ऑनलाइन शिकवण्याचा कायमचा निकाल लावणं म्हणजे गोदेच्या पुरात अडकलेल्या माणसाला होडीतून बाहेर काढायचं आणि वर त्याला विचारायचं, काय हो, नौकाविहार आवडला का? ना आपल्याला ट्रेनिंग होतं, ना मुलांकडे साधनं, ना अभ्यासक्रम त्या हिशेबानं बनवलेला. खडू-फळ्याचा ५० मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर ठेवला आणि तो पडला. पडणारच होता.

आता सोयीचं काय ते. २०२० च्या मे-जूनमध्ये वेबिनारांचा कसा पाऊस पडला होता आठवतंय? रोज दोन-तीन लिंका. जॉइन व्हायचं, शेवटी गुगल फॉर्म भरायचा, पाच प्रश्नांची क्विझ द्यायची की ई-सर्टिफिकेट मेलवर हजर. कुणाचा तरी मेव्हणा अमेरिकेतून दहा मिनिटं बोलला की राष्ट्रीय वेबिनारचा आंतरराष्ट्रीय व्हायचा. तेव्हा एकाही सन्माननीय सदस्यानं "ऑनलाइन काही डोक्यात जात नाही हो" अशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही, उलट सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून मात्र भांडणं झाली. मग ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन झाले. आधी त्यासाठी तीन-चार आठवडे घर सोडून पुण्याला नाहीतर आणखी कुठं जाऊन राहावं लागायचं, लहान मुलं असलेल्या मॅडमना तर ते म्हणजे संकटच. आता घरबसल्या होतात, २०२३ पासून मालवीय मिशनचे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्सही तसेच चाललेत, आणि कॅसच्या, म्हणजे आपल्या बढतीच्या योजनेतल्या, प्रमोशनसाठी लागतात म्हणून आपण ते आनंदानं करतो. कॅमेरा बंद, माईक म्यूट, एकीकडे भाजी निवडणं चालू. आणि मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आपणच सांगतो, पोरं कॅमेरा बंद करून झोपतात, यांना काही गांभीर्य नाही!

मला कुणाला ढोंगी म्हणायचं नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की आपला विरोध तंत्रज्ञानाला नाही, वयाशीही त्याचा फारसा संबंध नाही. "सीनियर लोकांना जमत नाही हो" हे जे सगळीकडे बोललं जातं ते मला अर्धवट वाटतं, कारण रिटायरमेंटला आलेले एक सर लॉकडाऊनमध्ये टॅबवर पेननं इतकं सुंदर शिकवायचे की तिशीतले सहकारी त्यांना विचारायचे, सर हे कोणतं ॲप. ऑनलाइनमुळे आपले कष्ट वाचतात तेव्हा ते आपल्याला आवडतं आणि कष्ट वाढतात पण कुठं मोजले जात नाहीत तेव्हा आवडत नाही. माणसासारखं आहे हे. फक्त ते तसं सांगावं, विद्यार्थ्यांच्या हिताचं उपरणं त्यावर कशाला पांघरायचं.

मजा म्हणजे लांबून कसं शिकवायचं हे बघायला नाशिककरांना लांब जायची गरजच नव्हती. गंगापूर रोडनं सरळ पुढं गेलं की गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. समोर शिक्षक नसताना शिकणाऱ्या माणसाला पुस्तक कसं लागतं, घटक केवढा छोटा पाहिजे, सुरुवातीला काय शिकायचंय ते सांगायचं, मध्येमध्ये थांबवून त्याला स्वतःची परीक्षा घ्यायला लावायची, शेवटी उत्तरं द्यायची, रविवारी अभ्यास केंद्रावर बोलवून अडलेलं सोडवायचं, हा सगळा विचार तिथं इंटरनेट घराघरात यायच्या आधी झालाय. गृहिणी, पोलीस, कंपनीतले कामगार, शेतकरी तिथून पदवीधर झालेत. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, अभ्यास केंद्रागणिक दर्जा बदलतो हे कुणीही सांगेल. पण २०२० मध्ये आपल्या कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या कॉलेजांमधून किती जण तिकडे गेले आणि म्हणाले की बाबांनो तुम्ही हे इतकी वर्षं करताय, आम्हाला शिकवा? माझ्या ओळखीत तरी कुणी नाही. "मुक्तवाले" हा शब्द आपण जरा नाक वर करूनच उच्चारतो ना, त्याची किंमत त्या वर्षी आपल्या पोरांनी भरली.

बरं, आता तरी ऑनलाइन कशाला हवंय, वर्ग सुरू झालेत की, असा प्रश्न येतो. वर्ग सुरू झालेत, पण वर्गात कोण आहे ते बघा. मस्टरवर वर्ग भरलेला आणि बाकांवर पुढच्या दोन-तीन रांगा. ७५ टक्के हजेरीचा नियम, डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर, पालकांना पत्र, आणि शेवटी सगळे परीक्षेला बसतातच हे तुम्हालाही माहीत आणि त्यांनाही. "ऑनलाइननं सवय मोडली" हे आपलं लाडकं स्पष्टीकरण. थोडं खरं असेल. पण जी पोरं येत नाहीत त्यांना मी विचारत असतो, कुणी सातपूरला पहिल्या शिफ्टला असतो, कुणी अंबडला, कुणी मॉलमध्ये काउंटरवर, कुणी डिलिव्हरी करतो, एकीच्या वडिलांचा धंदा कोविडमध्ये बसला तेव्हापासून ती टॅली करायला सीएच्या ऑफिसात जाते ती जातेच. सातला कंपनीत पंच करणाऱ्या पोरानं साडेसातला माझ्या तासाला कसं यायचं? त्याला मी रोज गैरहजर लिहिणार आणि वर म्हणणार की ऑनलाइननं वाट लावली. अशा मुलासाठी रेकॉर्ड केलेला तास आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी शंकांचा तास, हे काही नखरे नाहीत, तेवढाच त्याचा कॉलेजशी संबंध उरणार आहे.

एक जवळचं उदाहरण देतो. पार्टनरशिप डिझोल्यूशनमध्ये, म्हणजे भागीदारी मोडताना, एक भागीदार दिवाळखोर निघाला की गार्नर विरुद्ध मरेचा नियम लागतो. त्याची जी तूट राहते ती बाकीच्या सॉल्व्हंट, म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्या, भागीदारांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसायची, नफ्या-तोट्याच्या प्रमाणात नाही, आणि आपल्या वाट्याचा रियलायझेशनचा (मालमत्ता विकताना झालेला) तोटा आधी रोख आणून भरायचा. दर वर्षी पोरं इथंच घसरतात. वर्गात मी विचारतो "समजलं का", समोरून "हो सर" येतं, पेपर तपासताना कळतं की समजलं नव्हतं. लॉकडाऊननंतर मी याचा बारा मिनिटांचा एक व्हिडिओ केला, वहीवर रेघा मारून कॉलम पाडतानाचा, चेहरा वगैरे काही नाही, फक्त हात आणि वही. यूट्यूबवर मागे एक आलेख दिसतो, लोकांनी कुठला भाग बघितला, कुठला सोडला, कुठं मागं जाऊन परत बघितला. त्या आलेखात एके ठिकाणी ठळक उंचवटा होता, आणि तो बरोबर रोख आणून भरण्याच्या एंट्रीवर. मी समजत होतो की पोरांचं अडतं ते प्रमाणापाशी. अडत होतं एक पाऊल आधी. एवढी वर्षं वर्गात उभं राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कसं, पन्नास जणांत हात वर करून "सर ती मागची एंट्री परत" म्हणायला धीर लागतो, मोबाइलवर मागं सरकवायला लागत नाही. आता वर्गात मी त्या एंट्रीवर थांबतो.

पण त्या बारा मिनिटांना माझी अख्खी संध्याकाळ गेली, हेही सांगितलं पाहिजे. शेजारच्या कुकरची शिट्टी, मग लाइट गेली, मग एके ठिकाणी आकडा चुकला, परत पहिल्यापासून. ती संध्याकाळ माझ्या कुठल्याही रेकॉर्डला नाही, आणि आपण जे बोलत नाही म्हणतो ते नेमकं हेच.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि असोसिएट, प्रोफेसरला १४. हे तास म्हणजे टाइमटेबलवरचे तास. व्हिडिओ बनवला, गुगल क्लासरूमवर असाइनमेंट तपासल्या, रात्री दहाला "सर हे कसं आलं" म्हणून आलेल्या फोटोला उत्तर दिलं, याला आपल्या वर्कलोडच्या तक्त्यात रकाना नाही. उलट झालंय असं की ऑनलाइन म्हणजे कॉलेज सुटल्यानंतरचं, सुट्टीतलं, फुकटचं काम अशी व्यवस्थेनं सोय लावून घेतली. सिलॅबस राहिला? रविवारी ऑनलाइन घ्या. इलेक्शन ड्युटीत तास बुडाले? रात्री आठला घ्या. आमच्या एका मॅडम म्हणतात, "सर, वर्गात शिकवते तेव्हा मी फक्त प्राध्यापक असते हो, ऑनलाइनला मी प्राध्यापकही असते आणि मागे दूध उतू जातंय तेही बघत असते." त्यांना ऑनलाइन आवडत नाही याला आपण "नकारात्मक दृष्टिकोन" असं नाव देऊन त्यावर पेपर लिहितो, प्रश्नावली, पाच पर्याय, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. अहो, त्या प्रश्नावलीत हा तास पगारात मोजला तर घ्याल का, असा एक प्रश्न तरी टाकून बघा.

आणि सीएचबीवाल्यांचं तर विचारूच नका. तासिका तत्त्वावरचा माणूस, प्रत्येक तासाला ठरलेला दर, तोही महिनोन्महिने हातात पडत नाही, सुट्टीत शून्य. राज्यात प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडलेली, त्यामुळे कित्येक विभाग यांच्याच जिवावर चालतात. अशा मुलाला तुम्ही सांगता की तुझी सगळी लेक्चर रेकॉर्ड करून कॉलेजच्या ड्राइव्हवर टाक. तो टाकेल? त्यानं टाकावं का? पुढच्या जूनला मुलाखतीत त्याला डावललं आणि त्याचेच व्हिडिओ नव्या बॅचला दाखवले तर त्यानं कुणाकडं जायचं? हा तरुण आहे, रील्स बनवतो, कॅनव्हा येतं, सगळं येतं, आणि तरीही तो ऑनलाइनला सर्वात जास्त घाबरतो. भीती अगदी रास्त आहे.

त्यात यूजीसीनं २०२१ मध्ये 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सेसमधून सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय घेता येतील अशी मुभा दिली, आधी ती २० टक्के होती. त्याच वर्षी ब्लेंडेड मोडची कन्सेप्ट नोट आली, त्यातही ४० टक्के ऑनलाइन. कागदावर छान आहे, मुलाला आयआयटीच्या प्राध्यापकाचं लेक्चर घरी बसून मिळतं. पण आपल्याकडे वर्कलोडवर पदं ठरतात. विषय 'स्वयं' पोर्टलवर गेले की तास कमी, तास कमी की पद सरप्लस, हे गणित सुचायला अकाउंटन्सी यायला लागत नाही, म्हणून प्राध्यापक संघटनांनी तेव्हा विरोध केला आणि तो मला योग्य वाटतो. शिवाय 'स्वयं'वरचे बहुतेक कोर्स इंग्रजीत, कळवण-दिंडोरीहून मराठी माध्यमातून आलेल्या एफवायच्या मुलीला त्याचा किती उपयोग? तिला पहिल्या वर्षी माणूसच लागतो समोर, जो तिचा चेहरा बघून मराठीत परत सांगेल. पहिल्या दोन सेमिस्टरला ऑनलाइन नकोच असं माझं मत आहे, प्रॅक्टिकलला नको हे आधीच सांगितलं.

बाकी ठिकाणी, आणि खास करून नोकरी करणाऱ्या मुलांसाठी, हवं. पण अटींवर. पहिल्यांदा बनवलेल्या रेकॉर्डेड तासाला तयारीसकट तास मिळाले पाहिजेत, ऑनलाइन शंकांचा तास हा टाइमटेबलवरचा तास धरला पाहिजे, व्हिडिओ ज्याचा त्याच्या मालकीचा आणि सीएचबीवाल्याचा व्हिडिओ पुढच्या वर्षी वापरायचा तर त्याला त्याचं मानधन, आणि कुठल्याही ऑनलाइन कोर्समुळे मंजूर पद कमी होणार नाही हे लेखी. कॉलेजनं एक खोली द्यावी, बरा माईक आणि इंटरनेट असलेली, म्हणजे कुकरची शिट्टी तरी येणार नाही. यात अशक्य काहीच नाही.

यावर एक आक्षेप मला लगेच ऐकू येतोय, तास मोजायला लागलात तर लोक एकदा रेकॉर्ड करतील आणि पाच वर्षं तेच वाजवतील. करतील ना, काही जण नक्की करतील. पण वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यांना त्यासाठी इंटरनेट लागलं नव्हतं. रेकॉर्ड निदान कुणीही उघडून बघू शकतो, बंद वर्गात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. खरं सांगायचं तर आपल्यातल्या काहींच्या विरोधाचं हेही एक कारण आहे, आपलं शिकवणं कुणी बघितलेलं आपल्याला आवडत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, संस्थाचालक हे सगळं पैसे वाचवायलाच वापरतील. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, म्हणून तर लेखी पाहिजे म्हणतोय, आणि आधी पाहिजे.

आधी का, तर २०२७ चा सिंहस्थ येतोय. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला पोलिसांच्या बॅरिकेडमुळे नाशिककरांना आपल्याच गल्लीतून बाहेर पडता येत नव्हतं, ते कुणी विसरलेलं नाही. यावेळी गर्दी आणखी मोठी धरूनच तयारी चाललीय, पर्वण्या ऐन पावसाळ्यात म्हणजे ऐन पहिल्या टर्ममध्ये, कॉलेजं त्या काळात नीट भरणार नाहीत हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा आदेश निघेल, घ्या ऑनलाइन, आणि आपण परत हातात येईल ती लिंक टाकून उरकू आणि परत म्हणू, बघा, ऑनलाइन चालतच नाही. त्यामुळे मी आमच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, पुढच्या मीटिंगसाठी विषय लेखी दिलाय, वर्कलोडच्या तक्त्यात ऑनलाइन तासांचा रकाना. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले छान आहे, द्या द्या. अनुमोदक म्हणून सही कोण करतंय ते अजून ठरायचंय.